एकसष्टावी ओळ

१

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी जन्मात एका पोराला शिकवलं नव्हतं. एकेचाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली, आणि तीही फक्त आकड्यांची. वेळापत्रकं, कोष्टकं, पाढ्यांची पुस्तकं. शब्दांच्या प्रुफाला ते हात लावत नसत. शब्द चुकला तर वाचणारा मनातल्या मनात सुधारून घेतो, आकडा चुकला तर त्याची गाडी चुकते, असं त्यांचं म्हणणं.

आकड्यांचं प्रूफ दोघांनी मिळून तपासायचं असतं. एकाने मूळ प्रतीवरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकत ऐकत प्रुफावरच्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं. ओळ संपली की दोघांनी आपापला ताळा करायचा. म्हणजे ओळीतल्या आकड्यांची बेरीज घ्यायची, तिच्यातून नऊ-नऊ टाकत जायचं आणि शेवटी उरेल तो आकडा बोलायचा. दोघांचा जुळला की ओळ पास. मग ऐकणारा "चला" म्हणतो आणि वाचणारा पुढची ओळ धरतो. "चला" आल्याशिवाय वाचणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा छापखान्याचा कायदा होता. मास्तरांचा तर नवाच्या ताळ्यावर इतका जीव की कुणाचा फोन नंबर लिहून घेतला तरी ते आधी ताळा करत आणि मगच पेन खिशाला लावत.

त्यांची लेक पाच वर्षांची असताना मांडीवर बसून त्यांच्या प्रुफावर टिंबं द्यायची, म्हणून तिचं नाव टिंबू पडलं. आता टिंबूचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि ती दुसऱ्या शहरात एका गणिताच्या संस्थेत मोठ्या हुद्द्यावर होती. तिला आणि तिच्या सहकाऱ्यांना एक संख्या सापडली होती. तीन हजार आकडी, आणि मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. शिवाय उलटी, शेवटाकडून वाचली तरीही मूळच. संस्थेच्या नव्या दालनात ती भिंतीवर लावायची होती, आणि लावायची तर शिशाचे खिळे, म्हणजे सुटे ठसे, हाताने जुळवून छापलेलीच, असा टिंबूचा हट्ट होता. काम अर्थातच मास्तरांच्या जुन्या छापखान्याला मिळालं. तिथला जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, मास्तरांच्याच वयाचा. त्याला बारीक छपाई दिसत नव्हती, म्हणून टिंबूने तीन हजार आकडे मोठ्या अक्षरात स्वतःच्या हाताने लिहून काढले. पन्नास आकड्यांची एक ओळ, अशा साठ ओळी.

"आणि प्रूफ तुम्ही तपासायचं, बाबा. मी वाचते, तुम्ही ऐका. रोज बारा ओळी, पाच दिवस. सोमवारी येते, शनिवारी सकाळच्या गाडीने परत," ती फोनवर म्हणाली.

मास्तर हरखून गेले. पण ते काही भोळे नव्हते. मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून ते फिरायला गेले होते, आणि ते शहाणपणाने स्वतःच टिंबूला सांगून बसले होते. तेव्हापासून जावयाने पाचव्या मजल्यावरच्या घरात त्यांच्यासाठी एक खोली तयार करून ठेवली होती. खिडकीला जाळीसुद्धा बसवली होती. बापाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे बघायला लेक येतेय, आणि आकडे हे तिचं निमित्त आहे, एवढं मास्तरांना बरोबर कळलं होतं. आपलं घर, आपली खुर्ची आणि आपली किल्ली राहणार की जाणार, ते या पाच दिवसांत ठरणार होतं.

२

सोमवार फार मजेत गेला. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर मास्तरांनी प्रूफ पसरलं आणि दोन पेन्सिलींना टोक काढून ठेवलं. टिंबूने चष्मा चढवला. तिच्या वाचण्याला लहानपणीची चाल अजून होती, पाच-पाचाच्या झुबक्यांत, पाचव्या आकड्यावर जरा टेकून.

"या संख्येचा उपयोग काय गं?" सहाव्या ओळीनंतर चहा घेताना मास्तरांनी विचारलं.

"काही नाही."

"मग बरंय. मला वाटलं तू कामात असतेस."

टिंबू हसली. "असं बघा बाबा. एवढे खिळे घेतलेत आणि सारख्या रांगा लावायला बसलात, तर लागणारच नाहीत. दोनाच्या लावा, सातांच्या लावा, हजारांच्या लावा, काहीतरी उरणारच. किती जणांनी वाटून घ्यायचं म्हटलं तरी ही वाटली जात नाही."

"बाणेदार आहे."

"आहेच. आणि हिच्याहून मोठ्याही असतातच. शेवटची मूळ संख्या अशी नसतेच. कुठलीही हातात धरा, तिच्यापुढे आणखी असते. हे तीन हजार आकडे जिची नुसती सुरुवात आहेत, अशासुद्धा कितीतरी असतील कुठेतरी."

मास्तरांना ते ऐकून बरं वाटलं. काम संपत नाही असा धंदा लेकीने निवडला, म्हणजे धंदा पक्का. बारा ओळी झाल्यावर त्यांनी बाराव्या ओळीखाली आडवी रेघ मारली, तारीख घातली, आणि दोघं बाहेर फिरायला गेली. गॅस त्यांनी दोनदा तपासला, तोही टिंबूला दिसेल असा.

मंगळवारी टेबलावर बसताना त्यांना दिसलं की तेराव्या ओळीखाली टिंबं आहेत. रेघेच्या खाली, पन्नासच्या पन्नास.

"ही ओळ काल झाली होती?" टिंबूने विचारलं.

मास्तरांचा हात थांबला. झाली नव्हती. त्यांना पक्कं आठवत होतं. पण गॅससुद्धा त्यांना पक्का बंद केलेला आठवत होता.

"सकाळी उठून मीच केली. हात चालतो का बघत होतो," ते म्हणाले.

"एकट्याने?" टिंबूने त्यांच्याकडे एक क्षण जास्तच पाहिलं. "बरं. पण ताळ्यासाठी परत वाचूया."

मास्तरांनी मान हलवली. टिंबं त्यांच्यासारखीच होती, गोल आणि बेताची. फक्त थोडी उजवीकडे झुकलेली, पुढच्या आकड्याची घाई असलेल्या माणसाने दिल्यासारखी. त्यांनी रबर घेतलं आणि सगळी पुसून टाकली.

३

आवाज त्याच दिवशी, अठराव्या ओळीला सुरू झाला.

बाहेरच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. तिच्यात मास्तरांनी एकेचाळीस वर्षांची रद्दी साठवली होती. छताला टेकलेले प्रुफांचे गठ्ठे, लांब पट्ट्यांच्या गुंडाळ्या, आणि मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. ओलीमुळे त्या दाराची चौकट फुगली होती, त्यामुळे ते कधीच पूर्ण मिटत नसे. त्या फटीतून कुणीतरी आकडे वाचत होतं.

आवाज हलका होता, कंटाळलेला नव्हता, घाईतही नव्हता. पुरुषाचा की बाईचा ते सांगता येत नव्हतं. तो टिंबूच्या अर्धा श्वास आधी चालायचा. आतून "आठ" यायचं आणि मग टिंबू "आठ" म्हणायची. आतून "तीन", मग टिंबूचं "तीन". मास्तरांच्या हातात टिंब द्यायची पेन्सिल होती, आणि ती आता दोन मालकांची चाकरी करत होती.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी मागून येतो, त्याला आधी यायची अक्कल कुठून असणार. मग वाटलं, शेजारचा रेडिओ. पण रेडिओवर तीन हजार आकडी संख्या लावत नाहीत. मग त्यांना आपले थोरले भाऊ आठवले. थोरले भाऊ शेवटची दोन वर्षं मोरीतल्या नळाशी बोलायचे. नळ त्यांना उत्तरं द्यायचा, आणि ती ते अगदी खुशीत घरच्यांना सांगायचे. सुरुवात अशीच झाली होती, एका आवाजापासून.

अशात आतून शून्य आलं. तो आवाज त्याला "पूज्य" म्हणाला.

हे छापखान्यातलं जुनं वाचन होतं. बाहेरच्या कुणाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. टिंबू "शून्य" म्हणाली. मास्तरांनी टिंब दिलं आणि चेहरा जितका सपाट ठेवता येईल तितका ठेवला.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीये? नवाचा ताळा, सात."

"सात," टिंबू म्हणाली.

"चला," मास्तर म्हणाले, आणि दोन्ही आवाज पुढच्या ओळीला लागले.

४

बुधवारपर्यंत मास्तरांनी त्या आवाजाबरोबर राहायची युक्ती शोधून काढली. त्याच्याकडे बघायचं नाही, दाराकडे पाठ करून बसायचं, आणि टिंब द्यायचं ते टिंबूच्या आवाजावरच. गंमत म्हणजे काम छान चाललं होतं. टिंबूला लय सापडली होती. ओळी भराभर पास होत होत्या. ती शून्याला "पूज्य" म्हणायला लागली, तेव्हा मास्तरांना लेकीचा अभिमानच वाटला, धंद्याची बोली बरोबर उचलली म्हणून. आपण तर सोमवारपासून नुसते ऐकतोय, हा शब्द आपण तोंडातून काढलेलाच नाही, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी एकेचाळिसाव्या ओळीत घोटाळा झाला.

"नऊ, एक, एक, दोन, सहा," टिंबूने वाचलं. प्रुफावरही तसंच होतं. पण त्याआधी आतून आलं होतं ते "नऊ, एक, एक, सहा, दोन." आणि मास्तरांच्या हाताने, डोक्याला न विचारता, एकेचाळीस वर्षांच्या सवयीने दोन आणि सहाच्या मधून वळणदार खूण ओढली. या दोघांच्या जागा बदला, अशी.

मास्तर खुणेकडे बघत राहिले. प्रतीत दोन-सहा, प्रुफात दोन-सहा. लेक वाचतेय दोन-सहा. फक्त आपल्या कानात सहा-दोन. त्यांनी घाईने ताळा केला. आठ. टिंबूचाही आठ. म्हणजे ओळ बरोबर आणि आवाज चूक. म्हणजेच आपलं डोकं चूक.

त्यांनी रबराने खूण पुसली. पाचव्या मजल्यावरच्या खिडकीची जाळी त्यांना स्वच्छ दिसली. तिथून खाली बघायला सकाळ-संध्याकाळ बरं वाटेल, असं जावई म्हणाला होता. मास्तरांना खाली बघायचं नव्हतं. त्यांना रस्त्यावर असायचं होतं.

"चला," ते म्हणाले.

टिंबूने पुढची ओळ लगेच धरली नाही. ती प्रुफावरच्या खोडलेल्या जागेकडे बघत होती. मग तिने वाचायला सुरुवात केली, पण तिचा आवाज पहिल्यासारखा टेकत नव्हता.

५

दुपारी ती तिचं संगणकाचं मशीन उघडून बसली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"बाबा, एकेचाळिसाव्या ओळीत तुम्ही काहीतरी खोडलंत."

"हात वळला सवयीने. नजरचूक."

"नजरचूक नाही. चूक माझी आहे. लिहून काढताना मी आकडे उलटे टाकले. मशीनमध्ये सहा-दोन आहे."

मास्तर खुर्चीत बसले.

"पण ताळा जुळला होता," ते म्हणाले.

"जुळणारच. जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते ना. मीही प्रत लिहिताना तुमचाच ताळा केला. तुम्ही शिकवलेला, म्हणून दुसरा कुठला केलाच नाही. आडनाव बदललं तरी बापाच्या चुका काही बदलल्या नाहीत माझ्या. अकराचा ताळा केला असता तर सापडली असती. त्यात एक आकडा मिळवायचा, पुढचा वजा करायचा. पण अकराचा करतो कोण?" ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"अंदाजाने," मास्तर म्हणाले.

टिंबूने मान हलवली आणि ती मशीनकडे परत गेली.

पण मास्तरांच्या आत जे काही झालं, त्याला आनंदाशिवाय दुसरा शब्द नाही. ते मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं आणि आरशात स्वतःकडे बघून घेतलं. थोरल्या भावांच्या नळाने त्यांना कधी नवीन काही सांगितलं नव्हतं. त्यांचंच त्यांना परत मिळायचं. इथे तर जे आपल्याला ठाऊक नाही, लेकीच्या प्रतीत नाही, प्रुफात नाही, ते आवाजाला ठाऊक होतं. म्हणजे आवाज आपल्या डोक्यातला नाही. डोकं ठिकाणावर आहे. त्या खोलीत कुणीतरी आहे, एवढंच.

हा "एवढंच" मास्तरांना जरा उशिराने बोचला. पण तोवर ते शीळ घालत होते. घरात भूत निघाल्याने कुणी इतकं सुखावलं असेल असं वाटत नाही. फक्त हे लेकीला कसं सांगायचं, हा प्रश्न होता. डोकं शाबूत असल्याचा पुरावा म्हणून आपण भुताचं नाव घेतलं, तर उद्याच पाचवा मजला.

संध्याकाळी ते छापखान्यात गेले. जुळाऱ्याने चिमट्याने दोन खिळे उचलले आणि त्यांच्या जागा बदलल्या.

"तुला सांगू मास्तर, मी आधी सहा-दोनच लावलं होतं. मग प्रत बघितली आणि बदललं," तो म्हणाला.

"आधी सहा-दोन का लावलंस?"

"हात गेला." जुळाऱ्याने चिमटा ठेवला आणि कापडाला बोटं पुसत राहिला. "या कामाला मी रेडिओ मोठ्याने लावून बसत होतो बघ. मालक ओरडला, तरी लावला. त्याशिवाय जमत नव्हतं."

"का रे?"

"गाणी ऐकायला," जुळारी म्हणाला, आणि त्याने विषय बदलला.

६

शुक्रवारी शेवटच्या बारा ओळी होत्या. सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. टिंबूची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती आणि जावयाचा दोनदा फोन येऊन गेला होता. मास्तर नवा शर्ट घालून बसले होते.

ती दोघं एकमेकांकडे फारसं बघत नव्हती. टिंबू वाचत होती, आतून वाचलं जात होतं, मास्तर टिंबं देत होते. आता आवाज आणखी स्पष्ट होता. त्याच्याबरोबर कागद सरकल्याचा आवाजही यायचा, ओळ संपली की एकदा, लांब पट्टी पुढे ओढल्यासारखा. पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न. मास्तरांना भीती वाटत होती आणि तरीही ते आत कुठेतरी खूश होते. इतकं चांगलं वाचणारं माणूस त्यांना नोकरीत एकदाही मिळालं नव्हतं.

"तीन, नऊ, पूज्य, एक, सात," टिंबूने साठाव्या ओळीचा शेवटचा झुबका वाचला आणि चष्मा काढला. "संपली."

मास्तरांनी शेवटचं टिंब दिलं. "चार."

"चार," टिंबू म्हणाली.

मग त्यांनी साठही ओळींच्या ताळ्यांची बेरीज केली, नऊ-नऊ टाकत गेले आणि पाच उरला. टिंबूचाही पाच आला. मूळ संख्या असल्यामुळे तो तीन, सहा किंवा पूज्य येऊन चालणार नव्हता, हे तिने सोमवारीच सांगून ठेवलं होतं. सगळं कसं जागच्या जागी बसलं. मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी पेन्सिल वर उचलली, आणि एकेचाळीस वर्षांत प्रत्येक पास झालेल्या ओळीनंतर जे म्हटलं होतं, तेच त्यांच्या तोंडून गेलं.

"चला."

म्हटल्यावर त्यांना कळलं की काय म्हटलं ते. पुढे ओळ नव्हती. टिंबूची प्रत संपली होती.

आत कागद सरकला.

"चार, पूज्य, सात, एक, एक."

मास्तर समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. चेहरा हलू द्यायचा नाही. बॅग दाराशी आहे, गाडी उद्या आहे, तेवढा वेळ काढायचा. आतून दुसरा झुबका आला. "आठ, दोन, दोन, सहा, तीन." मास्तरांनी कॅलेंडरवरचे रविवार मोजायला घेतले.

तेवढ्यात त्यांच्या बोटांतली पेन्सिल कुणीतरी काढून घेतली. टिंबूने प्रतीचं शेवटचं पान उलटं केलं होतं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर ती लिहीत होती. ४०७११, ८२२६३. लिहून तिचा हात थांबला.

"पहिल्यात एक दोनदा होता ना?" तिने खालच्या मानेनेच विचारलं.

मास्तरांची नजर कॅलेंडरवरून तिच्याकडे वळली. "दोनदा," ते म्हणाले.

टिंबूने वर बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"बुधवारपासून. मला मोठे काका आठवले, बाबा. म्हटलं, माझं सुरू झालं. तुमच्याकडे सारखी बघत होते, तुम्हालाही ऐकू येतंय का म्हणून. तुमचा चेहरा म्हणजे नुसती भिंत."

"आणि तुझा?"

"आणि मग एकेचाळिसाव्या ओळीला तुम्ही खूण केलीत. आणि लगेच खोडलीत."

"तूही विचारलं नाहीस."

"विचारलं की. तुम्ही अंदाजाने म्हणालात."

मास्तर हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग त्यांना आवरेना. टिंबूही हसत सुटली, टेबलावर डोकं टेकून, लहानपणी हसायची तशी. तीन दिवस दोघं एकाच गोष्टीला भिऊन एकमेकांसमोर शहाणी बसली होती. मास्तरांना वाटलं, ही जन्मली त्या दिवशीसुद्धा आपण इतके सुखात नव्हतो. त्या दिवशी काळजी होती, आज तीही नाही.

ती दोघं हसत होती तोवर आतला आवाज थांबला होता. हसणं ओसरल्यावर तो पुढच्या झुबक्यावर आला, जराही न चुकता. चांगला वाचणारा असाच थांबतो.

७

एकसष्टावी ओळ पन्नास आकड्यांवर थांबली. टिंबूने आणि मास्तरांनी ताळा केला.

"दोन," मास्तर म्हणाले.

"दोन," टिंबू म्हणाली.

"दोन," आतून आलं.

तिघांचा जुळला.

टिंबूने उठून नवऱ्याला फोन लावला. "उद्या येत नाहीये मी. बाबांकडे काम निघालंय. नाही, तब्येत उत्तम आहे त्यांची, माझ्यापेक्षा बरी आहे. बाबांसाठी केलेल्या खोलीत ना, तुझी पुस्तकं ठेव, पसरलेली असतात सगळीकडे." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. "किती दिवस ते नाही सांगता येणार. ओळी किती आहेत तेच अजून कळलेलं नाही."

शेवटची मूळ संख्या नसते, आणि हे तीन हजार आकडे एखाद्या मोठ्या संख्येची नुसती सुरुवात असतील, हे सोमवारी चहा पिताना तिनेच सांगितलं होतं. मास्तरांना ते आठवलं. तिलाही आठवलं असणार, कारण फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ बॅगेकडे बघत उभी होती. मग तिने बॅग उचलून आत नेऊन ठेवली.

"कागद लागतील," ती परत येऊन म्हणाली.

कोरे कागद त्या अरुंद खोलीत होते. दोघांनी दाराकडे बघितलं. मास्तर खुर्चीवरून अर्धे उठले.

तेवढ्यात दाराखालून एक पट्टी सरकत बाहेर आली. कोरी, लांब, जुन्या पिवळट कागदाची. ती फरशीवरून हळूहळू मास्तरांच्या चपलेपर्यंत आली आणि थांबली. मागचं टोक अजून आतच होतं, आणि ते दाराच्या फटीत बोटांनी दाबून धरलं होतं. नखांत पेन्सिलीचं काळं होतं. पेरं चपटी झाली होती, जन्मभर टिंबं दिलेल्या माणसाची होतात तशी. बोटं एका रांगेत होती. मास्तरांनी सवयीने ती मोजायला घेतली, आणि सहाच्या पुढे गेल्यावर नजर मुकाट्याने कागदावर आणली.

बोटांनी पट्टी सोडली.

टिंबूने ती उचलून टेबलावर पसरली आणि कडा हाताने सपाट केल्या. तिचे हात गार पडले होते, मास्तरांच्या हाताला लागले तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी ते दोन्ही हात आपल्या हातात घेऊन चोळले, थंडीत शाळेत सोडायला जाताना चोळायचे तसे.

"दमलीस की सांग. आलटून-पालटून लिहू," ते म्हणाले.

"हो. आणि बाबा, अकराचाही ताळा करूया आता."

"करूया की. वेळ आहे."

मास्तरांनी पेन्सिलीला टोक काढलं, खुर्ची दाराकडे तोंड करून फिरवली आणि नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. घर त्यांचं होतं, खुर्ची त्यांची होती, किल्ली खिशात होती आणि लेक शेजारी बसली होती. आत कुणीतरी श्वास धरून वाट बघत होतं.

"चला," मास्तर म्हणाले.